निवृत्त झाली, मग निवर्तली? शर्यतीतून घरी आलेल्या कुत्रीसाठी शब्द हवा आहे

मूळ प्रश्न

आमची निळू मागच्या महिन्यात गेली. ग्रेहाउंड होती. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर आम्ही तिला दत्तक घेतलं होतं. तिच्या फोटोखाली चार ओळी मराठीत लिहायच्या म्हणून बसले आणि पहिल्याच क्रियापदाला अडले. 'वारली' लिहून खोडलं. 'देवाघरी गेली' लिहून खोडलं. 'मेली' लिहायला हात धजेना. 'कै.' लावणं तिच्यासाठी परकं वाटलं.

तिच्या दोन्ही कानांच्या आत हिरव्या शाईचं गोंदण होतं. अमेरिकेतल्या शर्यतीच्या ग्रेहाउंडना ते पिल्लू असतानाच करतात. डाव्या कानात पाच आकडे, म्हणजे त्या वेताचा नोंदणी क्रमांक. उजव्या कानात ६७ आणि पुढे सी हे अक्षर, म्हणजे सहावा महिना, २०१७ साल आणि वेतातलं तिसरं पिल्लू. झोपेत तिचा कान उलटा पडला की ते अक्षर दिसायचं आणि मी कान हळूच सरळ करायचे. कागदावर तिचं शर्यतीतलं नाव तीन शब्दांचं होतं. त्या नावानं हाक मारली तर ती कधी वळून बघायची नाही. 'निळू' म्हटलं की मान वर.

तर तिच्यासाठी कोणतं क्रियापद वापरावं? आणि 'निवृत्त', 'दत्तक' हे शब्द मी बरोबर वापरते आहे का?

प्रतिसाद १

ताई, वाचून वाईट वाटलं.

'वारणे' माणसांपुरतंच आहे, तेही बहुधा वयानं मोठ्या माणसांसाठी. जनावरासाठी आपल्याकडे रूढ क्रियापद म्हणजे 'दगावणे': बैल दगावला, शेळ्या दगावल्या. त्याच्या पोटात 'दगा' आहे. हातातोंडाशी आलेली गोष्ट दगा देऊन गेली, असा त्याचा सूर. त्यात नुकसानीचा हिशेब येतो, म्हणून घरातल्या जिवाला ते चालणार नाही. ट्रॅकवर तिला काही झालं असतं तर तिथल्या लोकांनी मराठीत कदाचित हेच म्हटलं असतं. तुमच्या घरात ती दगावली नाही.

'मेली'बद्दल तुमचा हात अडला ते योग्यच. खरं तर 'मरणे' या क्रियापदात काही वाईट नाही. पण आपण 'मेला', 'मेली' शिवीसारखं इतकं वापरलंय, आणि 'कुत्र्याच्या मौतीनं मरणे' हा वाक्प्रचार इतका बोकाळलाय, की कुत्र्याच्या बाबतीत तो शब्द मुळातच मळलेला हाती येतो.

प्रतिसाद २

'गेली' पुरेसं आहे. तुम्ही पहिल्या वाक्यात तेच लिहिलंत, न अडता.

प्रतिसाद ३

वरचं मत मान्य आहे, पण 'निवृत्त'बद्दल थोडं सविस्तर लिहितो. मला हा शब्द फार जवळचा आहे.

'नि' उपसर्ग आणि 'वृत्' धातू. वृत् म्हणजे वळणे, फिरणे. निवृत्त म्हणजे मागे वळलेला, परतलेला. नोकरीतून साठाव्या वर्षी घरी बसणे हा अर्थ खूप नंतरचा आणि कचेरीतला. तिथं नेमका शब्द 'सेवानिवृत्त' असा आहे. निवृत्तीनाथांच्या नावातली निवृत्ती म्हणजे काही पेन्शन नव्हे. प्रवृत्ती म्हणजे पुढे ओढ घेणे आणि निवृत्ती म्हणजे त्या ओढीतून मागे फिरणे, अशी ती जोडी आहे.

आता याच नि-वृत् पासून मराठीत दुसरं एक क्रियापद आहे: निवर्तणे. 'अमुक गृहस्थ काल निवर्तले.' म्हणजे वारले. हल्ली ते फक्त जुन्या पुस्तकांत आणि छापील निधनवार्तांत भेटतं, पण शब्द एकाच घरचे आहेत. तुमची निळू आधी निवृत्त झाली आणि मग निवर्तली. भाषेच्या हिशेबानं ती दोनदा मागे वळली. एकदा ट्रॅकवरून, एकदा तुमच्या दारातून.

मी स्वतः दोन ग्रेहाउंड सांभाळले, दोघेही आता नाहीत. ट्रॅकवरून आलेला कुत्रा पहिले काही दिवस घरात कसा वागतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे 'मागे वळणं' कळेल. त्याला जिना माहीत नसतो. काचेचं दार माहीत नसतं. आमचा पहिला तर आरशातल्या कुत्र्यापुढं अर्धा तास उभा होता. तीन-चार वर्षांचा धिप्पाड जीव, आणि पहिल्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवून थरथरत उभा. मागचे पाय कुठं ठेवायचे हे त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं. मी एकेक पाय हातानं उचलून वरच्या पायरीवर ठेवला. चौदा पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. पिल्लूपणात जे शिकायचं राहून गेलं होतं तिथवर तो परत गेला आणि तिथून पुन्हा चालत आला. मला 'निवृत्त' शब्दात हे सगळं ऐकू येतं.

मूळ प्रश्नकर्ती

दोनदा मागे वळली, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मनापासून आभार.

पण एक शंका आहे. निवृत्त म्हणजे आपण होऊन मागे फिरलेला ना? निळू तशी फिरली नव्हती. ती फ्लोरिडात धावायची. २०१८ साली तिथल्या मतदारांनी ६९ टक्के मतांनी ठरवलं की २०२० संपेपर्यंत ग्रेहाउंडच्या शर्यती बंद व्हाव्यात. तेव्हा अमेरिकेत उरलेल्या १७ ट्रॅकपैकी ११ त्या एका राज्यात होते. ते बंद होत गेले आणि त्यावरचे कुत्रे घरं शोधत निघाले. निळू त्यांतलीच. खरं तर ट्रॅकच तिच्या पायाखालून गेला. मग 'निवृत्त' म्हणू की 'सुटलेली'?

प्रतिसाद ४

'सुटलेली' नको वाटतं. सुटली म्हटलं की कैद डोळ्यासमोर येते, आणि मराठीत 'सुटला बिचारा' आपण मरणालाही म्हणतो, वाचणारा गोंधळेल. शिवाय या कुत्र्यांना धावणं मनापासून आवडतं. मोकळं मैदान मिळालं की आमची ग्रेहाउंड स्वतःभोवती मोठं वर्तुळ घेऊन धावायची, दर झेपेत दोनदा चारही पाय अधांतरी. आणि मग उरलेला दिवसभर झोप. धावणं तिचं होतं, शर्यत लोकांची होती. तो फरक शब्दात राहायला हवा.

प्रतिसाद ५

'शर्यत' निघालीच आहे म्हणून सांगते. शर्यत, शर्त आणि शर्थ हे तिन्ही शब्द एकाच अरबी शब्दातून मराठीत आले. मूळ अर्थ अट. 'पैज' हा अर्थ त्यातूनच येतो: हे झालं तर ते देईन. ग्रेहाउंडच्या शर्यतींना तर तो अगदी चपखल बसतो, कारण आजच्या स्वरूपाचा धंदा उभा राहिला तोच पैजेवर. ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी १९१९ साली कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथं यांत्रिक सशामागे कुत्रे पळवणारा ट्रॅक सुरू केला. तेव्हापासून हे कुत्रे एका खोट्या सशामागे धावत आले, आणि बघणारे त्यांच्यावर पैसे लावत आले.

त्याच शर्तीतून 'बिनशर्त' झालाय. मला वाटतं, तुम्हाला हवा असलेला शब्द 'निवृत्त'च्या आसपास नसून इथं आहे. ती शर्यतीतून बिनशर्तीत आली.

(शर्थ मात्र आम्ही केली. आमच्या कुत्र्याला पुढच्या पायाच्या हाडाचा कॅन्सर झाला होता. ग्रेहाउंडमध्ये तो पुष्कळ आढळतो. साधं लंगडणं म्हणून दोन आठवडे गेले, मग एक्स-रे. शर्थ करूनही व्हायचं ते झालंच.)

प्रतिसाद ६

आमचाही तसाच गेला, म्हणून एका शब्दाबद्दल कळकळीनं लिहिते. तो शब्द 'झोपवणे'.

शेवटच्या इंजेक्शनला इंग्रजीवरून आपण 'झोपवलं' म्हणायला लागलोय. मीही म्हटलं. धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. ती म्हणाली, "कोणी झोपवलं?" मी म्हटलं, डॉक्टरांनी. त्या रात्रीपासून अंथरुणात आडवी व्हायला तयार होईना. मांडीवर बसायची, डोळे ताणून उघडे ठेवायची, आणि मी थोपटायला लागले की माझा हात धरून ठेवायची. तिसऱ्या रात्री मला उमगलं. थोपटत मी रोज म्हणायचे, "चल, तुला झोपवते."

मग तिला उजेडी घेऊन बसले आणि सांगितलं: तो मेला. त्याच्या पायात खूप दुखत होतं, ते बरं होणार नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं आणि तो मेला. झोप वेगळी, हे वेगळं. ती रडली आणि त्या रात्री झोपली. वर कोणीतरी 'मेली' मळलेला शब्द आहे म्हणालं. त्या दिवशी मला तोच सगळ्यात स्वच्छ वाटला. 'दयामरण' बरोबर आहे, पण कायद्याच्या कागदावरचं. मोठ्यांशी बोलताना मी 'त्याला निरोप दिला' म्हणते. त्यात ते आम्ही केलं हे लपत नाही, आणि त्या दिवशी आम्ही तिथं होतो हेही येतं.

प्रतिसाद ७

निळू या नावामागे काय आहे? निळा ग्रेहाउंड?

मूळ प्रश्नकर्ती

हो. ती राखाडी होती, पण या कुत्र्यांच्या नोंदीत राखाडीला निळा म्हणतात. कागदावर 'रंग: निळा' वाचून मुलं हसली आणि तेच नाव पडलं. उन्हात मात्र तिच्या पाठीवर खरंच निळसर झाक दिसायची.

प्रतिसाद ३ लिहिणारा

आणि गंमत म्हणजे ग्रेहाउंडमधल्या 'ग्रे'चा राखाडी रंगाशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत तो शब्द वेगळाच होता, रंगाच्या शब्दाशी नंतर उच्चारानं मिळून गेला. मराठीत कुणी 'करडा कुत्रा' असं भाषांतर केलेलं दिसलं तर बदलायला सांगा. अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या ग्रेहाउंडला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे: वाघ्या.

प्रतिसाद ८

'दत्तक'वर कोणीच बोललं नाही. दत्त म्हणजे दिलेला. शब्द देणाऱ्याच्या बाजूचा आहे, घेणाऱ्याच्या नाही. आणि जुन्या मराठीत मूल 'दत्तक जातं': "तो मामाकडे दत्तक गेला." क्रियापद त्या मुलाचं. 'आम्ही दत्तक घेतली'पेक्षा 'ती आमच्याकडे दत्तक आली' लिहून बघा. वाक्यात ती पुढं येते, आपण मागं सरतो.

'निवर्तली'ला माझा विरोध आहे. व्युत्पत्ती कितीही सुंदर असली तरी आज तो शब्द काळ्या चौकटीतला आहे. रोज ज्या तोंडानं निळूला हाक मारली त्या तोंडात तो बसणार नाही.

आणखी एक. 'स्मारक' आणि 'आठवण' यांतला फरकही इथं बघण्यासारखा आहे. मिक द मिलर नावाच्या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या ग्रेहाउंडनं १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी जिंकली. १९३९ साली तो गेला, आणि पेंढा भरलेलं त्याचं शरीर आज इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये उभं आहे. ते स्मारक, आणि ते शर्यतीचं आहे. तो झोपायचा कसा, कुणाच्या पायाशी बसायचा, हे ते उभं शरीर सांगू शकत नाही. तुम्ही लिहाल ती आठवण असू द्या. निळूची एक सवय त्यात घाला.

मूळ प्रश्नकर्ती

सवयी पुष्कळ. आनंद झाला की दात कटकट वाजवायची. पहिल्यांदा आम्ही घाबरलो होतो, थंडी वाजतेय म्हणून. चारही पाय वर करून उताणी झोपायची. पण सगळ्यात जास्त सय येते ती रेलण्याची. ओट्याशी उभी असले की मागून यायची आणि सगळा भार माझ्या मांडीवर टाकून रेलायची. सत्तावीस किलो. मी बाजूला झाले असते तर पडली असती. अजूनही भाजी चिरताना माझा डावा पाय आपोआप घट्ट रोवला जातो.

'रेलणे' या शब्दाबद्दल मला कधी विचार करावा लागला नाही. तो आमच्या घरात रोजचा होता. बाकीचे शब्द तुम्ही सर्वांनी दिलेत. 'निवृत्त'चा अर्थ ठेवला, शब्द साधा घेतला. कानातलं अक्षर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ती जूनमधली हे आम्हाला त्या कानानंच सांगितलं, म्हणून महिना ठेवला.

निळू
जून २०१७ चा जन्म.
शर्यतीतून परतली, आमच्याकडे दत्तक आली.
पाच वर्षं आमच्यावर रेलून उभी राहिली. गेली.