राजहंसगडाच्या चढाला ४८-१६ जड जाते
फिक्स्ड गिअर सायकलवर ४८-१६ (पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्या चक्राला १६) असताना बेळगावजवळच्या राजहंसगडाचा चढ गुडघ्यांना सोसत नाही, तेव्हा क्रँक (पॅडलचा दांडा) लांब घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी दाते बदलावेत. ४८ ला १६ ने भागले की ३ येतात, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत मागचे चाक तीनदा फिरते आणि सायकल सुमारे ६.३ मीटर पुढे सरकते. ४४-१८ वर तेच अंतर ५.१ मीटर होते आणि पॅडलवर लागणारा जोर साधारण १८ टक्क्यांनी उतरतो. उतारावर मात्र त्याची वसुली होते, कारण फ्रीव्हील (पॅडल न मारताही मागचे चाक फिरू देणारा भाग) नसल्याने पाय थांबवता येत नाहीत आणि ताशी ४० किलोमीटर वेगाला मिनिटाला पॅडलच्या १३० फेऱ्या पडतात. येळ्ळूरकडे उतरताना मी सीटवर अक्षरशः उडत होतो. दुसऱ्याच दिवशी पुढचा ब्रेक बसवून घेतला.