मस्टँग जीटी २०१७: पहिल्या गिअरला मागची चाकं उडतात, आधी बुश की आधी लिंक?

करवीर_व्हीएट

राम राम मंडळी. गाडी २०१७ ची मस्टँग जीटी, ५.० लिटर व्ही-८, सहा गिअरची ऑटोमॅटिक. रनिंग ४१,००० किमी. मागे २७५/४० आर१९. सस्पेन्शन कंपनीतून आलं तसंच आहे.

तक्रार अशी की कोरड्या काँक्रीटवर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून उभ्या गाडीतून अर्ध्याच्या वर पेडल दाबलं की चाक नुसतं फिरत नाही, धडधडधड आपटतं. मागच्या सीटखाली कुणीतरी घण घालतंय असा आवाज येतो. ओल्यावर चाक मुकाट फिरतं, उडत नाही. चालत्या गाडीत दुसऱ्या गिअरला काहीच नाही. चाचणी कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका कारखान्याच्या बंद आवारात होते, हायवेवर नाही, तेव्हा तो उपदेश नको.

विचारायचंय ते हे: सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन धरणारी, बॉडीला बोल्टने बसणारी चौकट) रबरी बुश आधी करावेत की व्हर्टिकल लिंक (चाक धरणाऱ्या नकलला खालच्या आर्मशी जोडणारा उभा दांडा)? बुश पूर्ण बदलायचे की पोकळीत बसणारे इन्सर्ट पुरतात? आणि यातलं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काय टर्न करून मिळेल? गाडी महिन्यातून दोनदा गगनबावड्याच्या घाटाकडे जाते, त्यामुळे आतला आवाज फार वाढायला नको.

पाना_१९

भावा, पार्ट मागवायच्या आधी दोन गोष्टी मोज. दोन्ही जवळपास फुकट आहेत.

मोबाईल स्टँडला लावून मागच्या चाकाचा सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मो काढ. स्टँड बाजूला असावा, गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही. एका उडीपासून पुढच्या उडीपर्यंत फ्रेम मोज. १६ ते २४ आल्या तर सेकंदाला १० ते १५ उड्या, हे खरं व्हील हॉप. सेकंदाला दोन-तीनच डुलक्या दिसल्या तर तो बॉडीचा झोका आहे. मग बुशच्या नादाला लागू नकोस, शॉकअप तपास.

दुसरं, सबफ्रेम आणि बॉडीच्या मधल्या फटीत, चारही बोल्टांपाशी, पोरांच्या खेळायच्या मातीचा गोळा दाबून बसव. दोन वेळा चाकं उडव आणि गोळ्याची जाडी कॅलिपरने घे. रबर दबून परत जागेवर येतं, म्हणून नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. माती मात्र सगळ्यात जास्त किती हललं ते धरून ठेवते. शेजारी पेंट मार्करची रेघही मार. रेघ तुटली तर सबफ्रेम कायमची सरकली आहे.

आता हे होतं कशाने. भारतातल्या जीटीला ५१५ न्यूटन मीटर टॉर्क आहे. पहिला गिअर ४.१७. डिफचा (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचा) रेशो ३.१५ धरला तरी चाकांवर ६,७०० च्या वर जातं, तेही ऑटोमॅटिकच्या टॉर्क कन्व्हर्टरची वाढ न धरता. मागच्या दोन चाकांवर लाँचच्या वेळी साडेनऊशे किलो वजन आणि कोरड्या काँक्रीटची पकड १ धरली, तर ३५ सेंटिमीटर त्रिज्येच्या टायरला रस्ता देतो जेमतेम ३,२०० ते ३,३००. म्हणजे इंजिन दुप्पट देतंय. टायर धरतो, साइडवॉल आणि सगळे रबरी बुश पिळले जातात, पकड सुटते, पीळ उलटा सुटतो, टायर पुन्हा धरतो. हे सेकंदाला बारा वेळा. ओल्यावर टायर मुळात धरतच नाही, त्यामुळे पीळ साठत नाही. तुझं लक्षण त्याच्याशी जुळतं.

म्हणून माझा क्रम असा: टायर, मग सबफ्रेम, मग व्हर्टिकल लिंक. डिफचे बुश सगळ्यात शेवटी, कारण डिफची किणकिण सर्वांत जास्त तिथूनच केबिनमध्ये येते. टायरच्या साइडवॉलवरचे तारखेचे चार आकडे वाच. ३५१७ म्हणजे २०१७ चा पस्तिसावा आठवडा. गाडीइतकेच जुने टायर असतील तर रबर कडक झालंय, आणि त्यावर घेतलेली कुठलीही चाचणी तुला फसवेल. हवा दाराच्या स्टिकरवर आहे तेवढी भर, तिथून दोन-दोन पीएसआय वर-खाली करून बघ आणि लिहून ठेव.

व्हर्टिकल लिंकबद्दल: इंजिनाचा पीळ नकलला फिरवतो, ती लिंक तो अडवते. रबरी बुशची लिंक काढून कडक बुशची घातली की फरक जाणवतो.

दोन_शतांश

वरचं जवळपास सगळं पटलं, पण शेवटचा मुद्दा दुरुस्त करतो, कारण पार्ट निवडताना त्यावरच घोळ होतो.

इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये इंजिनाचा पीळ नकलवर येत नाही. डिफपासून चाकापर्यंतचा हाफशाफ्ट तो फक्त पोहोचवतो. उलटा पीळ सोसतं ते डिफचं हाउसिंग, आणि तिथून सबफ्रेम. नकलवर थेट पीळ येतो तो ब्रेकचा, कारण कॅलिपर नकललाच बसलेला आहे. लाँचला नकलवर येतो तो पुढे ढकलणारा जोर, आणि तो हबच्या मध्यावर येतो. खालचा आर्म त्या रेषेच्या खाली आहे, वरची लिंक पुढे-मागे काही धरत नाही, म्हणून नकल झुकू पाहतो. ते झुकणं व्हर्टिकल लिंक खालच्या आर्मवर उतरवते.

म्हणून व्हर्टिकल लिंकचा फायदा खरा आहे, पण डिफ आणि सबफ्रेम ढिले ठेवून नुसती लिंक बदलली तर पीळ साठायची मोठी जागा तशीच राहते. सबफ्रेम आधी. डिफच्या बुशला पूर्ण कडक न करता इन्सर्ट घालून मधला मार्ग काढता येतो, किणकिण वाढते पण सहन होण्याइतकी.

पाना_१९

मान्य, माझं वाक्य चुकलं. क्रम तोच राहतो.

लीफ_पट्टा

विषयाला जोडून एक. हे दुखणं नवीन नाही. साठच्या दशकात लीफ स्प्रिंगवाल्या मस्टँग आणि कॅमेरोला ॲक्सल गुंडाळला जायचा, म्हणजे स्प्रिंग पिळून ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहायचा. त्यावर कंपनीनेच एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे असे तिरपे बसवले. ६७ च्या ताकदीच्या कॅमेरोंना ॲक्सलचा पीळ अडवणारा रॉड दिला होता, ६८ ला शॉकअप पुढे-मागे केले. उपाय बदलले, तत्त्व तेच: पीळ साठू द्यायचा नाही, आणि साठलाच तर डॅम्परने तो खायचा. तेव्हा ४१,००० किमीवर मागचे शॉकअप गळतायत का तेही बघा. बुश कडक केले आणि शॉकअप मेलेला असला तर हादरा पूर्ण जात नाही.

शिरोली_टर्नर

उद्यमनगरात काय करून घ्यायचं आणि काय नाही, ते सांगतो.

इन्सर्ट आणि स्पेसर बिनधास्त करून घ्या. मटेरियल ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा बार. आपल्याकडे फौंड्र्या आहेत म्हणून ओतून घ्यायचा मोह होईल, तो टाळा. चार नगांसाठी पॅटर्न परवडत नाही आणि आत पोकळी राहिली तर वरून कळत नाही. प्लॅस्टिक हवं असेल तर ॲसिटल घ्या. दुकानात नायलॉन पुढे करतील, स्वस्त पडतं, पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. ५० मिमीवर एक टक्का फुगलं तरी अर्धा मिमी झाला. आपल्या पावसाळ्यात ते बसलेलं निघणार नाही. पॉलियुरेथेन घ्यायचं तर कडकपणा ९० ते ९५ शोर ए. ग्रीस सिलिकॉनचंच, साधं चेसिस ग्रीस नको.

माप घेताना चारही बुश वेगळे मोजा. जुना रबर एका बाजूला बसलेला असतो, पोकळी चारही ठिकाणी सारखी नसते. बोअर गेजने तीन ठिकाणी घ्या.

आता जी चूक बहुतेक जण करतात ती. बुशच्या मधोमध लोखंडी नळी असते आणि बोल्टचा दाब त्या नळीवरच बसायला हवा. इन्सर्ट नळीपेक्षा उंच झाला की दाब इन्सर्टवर जातो. प्लॅस्टिक असेल तर महिनाभरात ते दबतं, बोल्ट ढिला होतो, आणि सबफ्रेम आधीपेक्षा जास्त हलते. मग माणूस म्हणतो बुशने काही झालं नाही. बसवलेल्या स्थितीत इन्सर्ट नळीच्या तोंडापेक्षा ०.२ मिमी खाली राहील असा फेस करा (लेथवर तोंड कापा). नेहमीच्या रनिंगमध्ये कडकपणा पोकळी भरल्यामुळे येतो, बोल्ट आवळल्यामुळे नाही.

व्हर्टिकल लिंक आणि टो लिंक (मागच्या चाकाची दिशा धरणारा दांडा) मात्र इथे बनवू नका. टो लिंक तुटली तर मागचं चाक स्वतः वळतं, आणि घाटात ते काय करेल हे सांगायला नको. ती बीएमआर, स्टीडा अशा मस्टँगचंच काम करणाऱ्यांकडून मागवा, मॉडेल वर्ष टाकून. स्टीडाचा या दुखण्यासाठीच ‘स्टॉप द हॉप’ नावाचा संच आहे, त्यात काय-काय येतं ते एकदा वाचा. स्फेरिकल (रबराऐवजी गोल) बेअरिंगवाली घेत असाल तर रबरी बूट आहे का बघा. ऊसतोडणीच्या दिवसांत ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली माती बूट नसलेलं बेअरिंग खाऊन टाकते.

करवीर_व्हीएट

मोजलं. उडीला १९ ते २० फ्रेम. मातीचा गोळा पुढच्या दोन बोल्टांपाशी साडेतीन मिमी दबला, मागे दीड. रेघ तुटलेली नाही. टायरवर १६१७. शॉकअप कोरडे आहेत. म्हणजे टायर आणि सबफ्रेम. इन्सर्ट बसवताना काय सांभाळायचं?

पाना_१९

सेकंदाला बारा, बरोब्बर हॉपच.

दोन खांबी लिफ्ट घे, जमिनीवर जॅक लावून हे काम करू नकोस. चाकं काढायच्या आधी सबफ्रेम आणि बॉडीवर पेंटने जागा खूण कर. बोल्टांच्या भोकांत सैलपणा असतो, त्यामुळे खूण नसेल तर सबफ्रेम तिरकी बसते. डिफखाली ट्रान्समिशन जॅक लाव. एका बाजूचे दोन बोल्ट पूर्ण काढायचे, दुसऱ्या बाजूचे फक्त ढिले. सबफ्रेम ४० मिमीच्या आसपासच खाली घे. ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना ते प्रत्येक वेळी हात लावून बघ. एक्झॉस्टचे रबर हँगर आधी सोड, नाहीतर पाइप सबफ्रेमला अडवतो.

सबफ्रेमच्या बोल्टांचा टॉर्क तुझ्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घे, इम्पॅक्ट गनने अंदाजे आवळायचं नाही. मॅन्युअलमध्ये नवीन बोल्ट सांगितला असेल तर नवीनच घाल. चाकाचे नट एम१४ चे आहेत, २०४ न्यूटन मीटर, स्टारसारखे आलटून-पालटून.

दोन_शतांश

भर घालतो. कंट्रोल आर्मचा एखादा रबरी बुशचा बोल्ट ढिला केला असेल तर तो गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवर आवळा. लिफ्टवर चाक लोंबत असताना आवळला तर बुश कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. स्फेरिकल किंवा पॉलीला हा नियम नाही.

नंतर चार चाकी अलाइनमेंट, मागे एकूण टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली) ०.२ ते ०.३ अंश, डावी-उजवी समान. टो-आउटवर गाडी लाँचला शेपटी मारते, आणि तो दोष लोक सस्पेन्शनवर टाकतात.

नवीन टायर घालून आधी एक स्लो-मो घ्या, मग इन्सर्ट बसवून दुसरा. दोन्ही एकदम केलं तर कशाने काय झालं हे कळणार नाही. ५०० किमीनंतर चारही बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि पुढच्या फटीत परत मातीचा गोळा ठेवा. साडेतीनचा एक मिमीच्या आत आला तर व्हर्टिकल लिंकची ऑर्डर थांबवा.