बचावरचनेत न बसणारा लाईनमन: डी फोर्डला पाठवणे योग्य होते का?

शिवाजीपेठकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फुटबॉल म्हटले की शाहू स्टेडियम आणि तालमींचे संघ हेच डोळ्यांसमोर येते, परंतु आमच्या पेठेत अमेरिकी फुटबॉल मनापासून पाहणारेही काही जण आहेत. सध्या आमच्यात एका जुन्या व्यवहारावरून वाद चालला आहे आणि त्यावर जाणकारांचे मत हवे आहे.

कॅन्सस सिटी चीफ्सने बचावपटू डी फोर्डला 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत घेतले. 2018 च्या हंगामात त्याने 13 सॅक केले, म्हणजे चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) तेरा वेळा जमिनीवर आणले. त्यानंतर जानेवारी 2019 मधला पॅट्रियट्सविरुद्धचा उपान्त्य सामना आला. आपल्याकडे सोमवारची पहाट होती. चीफ्स 28-24 ने पुढे होते, जेमतेम मिनिटभराचा खेळ उरला होता आणि पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याचा चेंडू चीफ्सने हवेतच पकडला होता. मात्र त्या डावाच्या आरंभी फोर्ड रेषेच्या पुढे उभा असल्यामुळे तो डाव रद्द ठरला आणि अखेर पॅट्रियट्सने जादा वेळेत 37-31 असा सामना जिंकला.

पुढे बचावाचे प्रशिक्षक बदलले. बॉब सटन यांच्या जागी स्टीव्ह स्पॅग्न्युओलो आले, 3-4 ची रचना (आघाडीच्या रेषेवर तीन, त्यांच्या मागे चार) जाऊन 4-3 (आघाडीवर चार, मागे तीन) आली, आणि मार्चमध्ये फोर्डला 2020 च्या दुसऱ्या फेरीतील एका निवडीच्या बदल्यात सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नायनर्सकडे पाठवण्यात आले. ‘तो नव्या रचनेत बसत नव्हता’ हे कारण सगळीकडे सांगितले जाते. ज्याने तेरा सॅक केले त्याला रचनेत बसवणे हे प्रशिक्षकाचे काम नव्हे काय? की त्या एका चुकीचा राग रचनेच्या नावाखाली काढला गेला?

पहाटेचा प्रेक्षक

आपला प्रश्न रास्त आहे, पण ‘रचनेत बसत नव्हता’ हे कारण जसे सांगितले जाते तसे स्वीकारता येत नाही, कारण फोर्टी नायनर्सही 4-3 याच रचनेत खेळत होते. जी रचना फोर्डला मानवत नाही म्हणून त्याला काढले, त्याच रचनेच्या संघाने त्याला पाच वर्षांचा, साडेआठ कोटी डॉलरच्या घरातला करार देऊन घेतले. तेव्हा आकड्यांच्या नावामागे प्रत्यक्ष कोणते काम होते, ते पाहावे लागते.

3-4 मध्ये आघाडीला तीन लाईनमन आणि त्यांच्या मागे चार लाईनबॅकर असतात. फोर्ड मुळात महाविद्यालयापासूनचा लाईनमन, परंतु चीफ्समध्ये तो बाहेरच्या बाजूचा लाईनबॅकर म्हणून, बहुधा हात जमिनीला न टेकवता, दोन पायांवर उभा राहत असे. चेंडू हलताक्षणी पहिल्या दोन पावलांत टॅकलच्या (क्वार्टरबॅकची कड राखणाऱ्या खेळाडूच्या) खांद्याला वळसा घालून क्वार्टरबॅकच्या मागच्या बाजूने येणे, हे त्याचे खरे कौशल्य होते. त्या हंगामात त्याने सात वेळा जो चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातातून सोडवला, त्याचे मूळही या वेगातच होते.

स्पॅग्न्युओलो यांच्या 4-3 मध्ये कडेच्या लाईनमनला आणखी एक काम असते आणि ते दिसायला आकर्षक नसते. धाव, म्हणजे चेंडू न फेकता तो घेऊन पळणारा खेळाडू, त्याच्या बाजूने आली, तर तीनशे पौंडांहून जड टॅकलच्या छातीवर दोन्ही तळवे रोवायचे, कोपर सरळ करायचे, आपली जागा सोडायची नाही आणि धावणाऱ्याला आत वळायला भाग पाडायचे. वळसा घालून पुढे निघून गेलेला खेळाडू नेमकी तीच वाट मोकळी करून देतो. फोर्डचे वजन अडीचशे पौंडांच्या आसपास होते. चीफ्सने त्याच्या जागी सिएटलकडून घेतलेला फ्रँक क्लार्क त्याच्यापेक्षा जड होता आणि धावेसमोर टिकणारा होता.

फोर्टी नायनर्सनी मात्र त्यांच्या 4-3 मध्ये कडेचा लाईनमन टॅकलपासून बराच बाहेर उभा केला आणि फोर्डकडून प्रामुख्याने फेकीच्या वेळचे काम घेतले. रचनेचे नाव एकच, पण मागितलेले काम वेगळे. माझ्या मते या व्यवहाराचे मर्म एवढेच आहे, आणि त्यात रागाचा भाग शोधण्याची गरज नाही. 2018 मध्ये चीफ्सचे एकूण 52 सॅक होते, ही लीगमधील संयुक्त सर्वोच्च संख्या होती, आणि तरीही प्रतिस्पर्ध्यांना मिळू दिलेल्या यार्डांच्या हिशेबात त्यांचा बचाव 32 संघांत 31 वा होता. असा बचाव मुळापासून बदलणे कोणत्याही प्रशिक्षकाला भागच पडले असते.

पंचगंगाकाठ

वरील विवेचन पटते, परंतु चीफ्सने त्याच महिन्यात जस्टिन ह्यूस्टनलाही मुक्त केले, हे विसरता येणार नाही. तोही 3-4 मधला कडेचा लाईनबॅकरच होता. कोल्ट्सने त्याला 4-3 मध्ये लाईनमन म्हणून खेळवले आणि 2019 मध्ये त्याने 11 सॅक केले. त्यामुळे ‘3-4 चा खेळाडू 4-3 मध्ये चालत नाही’ हा सरसकट नियम म्हणून कोणी सांगू नये. ह्यूस्टनच्या बाबतीत मोठ्या कराराचा भार कमी करणे हे कारण अधिक खरे वाटते.

मैदानावरचा

मी एका तालमीच्या संघातील मुलांचा सराव घेतो, म्हणून या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. आपल्याकडे हंगामापूर्वी केएसएकडे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे) खेळाडूंची नोंदणी होते आणि पुढे तो खेळाडू त्या हंगामात त्याच संघाचा असतो. संघ बदलायचा तो खेळाडूने, आणि तोही पुढच्या नोंदणीच्या वेळी. एकाच्या बदल्यात दुसरा घेण्याची सोय नसल्यामुळे प्रशिक्षकाला हाताशी असलेल्या मुलांतूनच वाट काढावी लागते, आणि ही अडचण मला मोलाची वाटते, कारण ‘हा बसत नाही’ असे म्हणून मोकळे होण्याची सोय ती ठेवत नाही.

आमच्याकडे एक स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, होता. समोरच्या फॉरवर्डला सावलीसारखे चिकटण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आम्ही चार जणांची सरळ रेषा धरून खेळू लागलो, तेव्हा बाकीचे तिघे पुढे सरकले तरी हा आपल्या माणसाबरोबर दोन पावले मागेच राहायचा आणि त्या दोन पावलांमुळे प्रतिस्पर्ध्याचे सगळे फॉरवर्ड ऑफसाईडमधून सुटायचे. त्याला बसवून ठेवावे, असा काही जुन्या मंडळींचा आग्रह होता. आम्ही त्याला रेषेतून काढून तिच्या पुढे उभे केले, प्रतिस्पर्ध्याचा डाव रचणारा खेळाडू त्याच्याकडे सोपवला आणि कॉर्नरच्या वेळी सर्वांत उंच फॉरवर्ड त्याला दिला. रचना तीच राहिली आणि मुलगाही राहिला. म्हणून शिवाजीपेठकरांच्या मूळ भूमिकेला माझा पाठिंबा आहे. खेळाडूला जे येते ते आधी नीट पाहावे आणि मगच त्याला पाठवण्याचा विचार करावा.

पहाटेचा प्रेक्षक

मैदानावरचा यांचे म्हणणे मला मनापासून आवडले, पण एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या त्या लीगमध्ये, संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असते, त्यामुळे तेथे प्रशिक्षकाला हवी तशी मोकळीक राहत नाही. फोर्डचा पहिला करार संपला होता. चीफ्सने फ्रँचाइज टॅग लावून त्याला एका वर्षापुरते रोखले, त्याची किंमतच दीड कोटी डॉलरच्या आसपास होती. केवळ फेकीच्या वेळी मैदानात उतरणाऱ्या खेळाडूवर एवढा खर्च करायचा की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ज्या संघाला नेमके तेच काम हवे होते, त्याला ही किंमत परवडली.

दुसरी गोष्ट वेळेची. तेरा सॅकचा हंगाम ताजा होता, म्हणूनच दुसऱ्या फेरीची निवड हाती आली. याच्या उलट उदाहरण लाईनमन अल्बर्ट हेन्सवर्थचे आहे. वॉशिंग्टनने 2009 मध्ये त्याला सात वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा करार दिला, 2010 मध्ये 4-3 सोडून 3-4 धरली, आणि मधोमध उभे राहून दोन्ही बाजू अडवण्याचे काम त्याला मान्य नव्हते, हे जगजाहीर झाले. तो वाद वर्षभर चिघळला आणि 2011 मध्ये त्याला पॅट्रियट्सकडे पाठवले, तेव्हा बदल्यात मिळाली ती दोन वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधील पाचव्या फेरीची निवड. खेळाडू नको आहे, हे समोरच्याला कळले की भाव पडतोच.

शिवाजीपेठकर

सर्वांचे आभार. आमच्यातील वाद ‘4-3 विरुद्ध 3-4’ या आकड्यांवरच अडकला होता, कामाच्या वाटणीपर्यंत आम्ही पोहोचलोच नव्हतो. अजून एक विचारतो: फोर्डच्या बदल्यात आलेल्या त्या निवडीचे पुढे काय झाले?

पंचगंगाकाठ

त्या निवडीवर, म्हणजे 2020 च्या ड्राफ्टमध्ये 63 व्या क्रमांकावर, चीफ्सने लाईनबॅकर विली गे याला घेतले आणि 2022 व 2023 या दोन्ही विजेत्या हंगामांत तो त्यांच्या बचावात होता. त्याआधी फेब्रुवारी 2020 मध्ये सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, चीफ्स आणि फोर्टी नायनर्सच समोरासमोर आले होते. फोर्ड तिकडून खेळला, चीफ्स 31-20 ने जिंकले, आणि अखेरच्या दीड मिनिटात चौथ्या डाउनवर, म्हणजे त्या चढाईच्या शेवटच्या संधीला, फोर्टी नायनर्सचा क्वार्टरबॅक गॅरोपोलो याला पाडणारा खेळाडू फ्रँक क्लार्क होता. फोर्डला पुढच्या हंगामात दुखापतीमुळे एकच सामना खेळता आला. तो धोका 2019 च्या मार्चमध्ये कोणालाही मोजता आला नसता, त्यामुळे त्याचे श्रेय मी चीफ्सला देणार नाही. धावेसमोर टिकणारा माणूस हवा, हे त्यांनी ओळखले होते, त्याचे श्रेय मात्र निश्चित देईन.