एन्टँगल्ड की इंटरट्वाइन्ड?

बी-५०२: सर, जागे असाल तर एक विचारायचं होतं. उद्या लेकीचा नववीचा इंग्रजीचा पेपर आहे. टँगल्ड, इंटरट्वाइन्ड, इंटरवोवन, इंटरलॉक्ड या चारही शब्दांपुढे गाइडमध्ये ‘एकमेकांत गुंतलेले’ एवढंच दिलंय. फरक काय सांगू तिला?

ए-१०१ सर: जागाच आहे ताई. असा एकच अर्थ पाठ केला की मुलं वाक्यात चुकतात. तिला मराठीतून सांगा: गुंता, पीळ, वीण, खाच.
टँगल्ड म्हणजे गुंता. तो मुद्दाम कुणी करत नाही, होऊन बसतो. संक्रांतीला गच्चीवर पडलेला मांजा आठवा.
इंटरट्वाइन्डमध्ये पीळ आहे. ट्वाइन म्हणजे सुतळी, आणि या शब्दाचं मूळ ‘दोन’मध्ये आहे, आपल्या दुपेडी दोरीसारखं. ट्विस्ट आणि ट्विन त्याच कुळातले.

सी-२०३: सर, आमच्या निफाडच्या बागेत द्राक्षाची बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, तारेला विळखा घालते. ते इंटरट्वाइन्ड का?

ए-१०१ सर: भाऊ, तिथे नुसतं एन्ट्वाइन्ड शोभेल. बाळी तारेला धरते, तार बाळीला धरत नाही. ‘इंटर’ लागलं की ओढ दोन्हीकडून हवी. दोन वेली एकमेकींवर चढल्या तर इंटरट्वाइन्ड.

बी-३०४ काकू: माझं माहेर येवल्याचं, म्हणून विचारते. पैठणीत काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या रंगाचा आणि अंगाचा वेगळा. जिथे दोन्ही भेटतात तिथे एक धागा दुसऱ्यात अडकवून मागे वळवतात. ही वीण म्हणायची की खाच?

ए-१०१ सर: काकू, फार नेमकं विचारलंत. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, खालून-वरून बाणा जातो ते इंटरवोवन. पण तुम्ही सांगता त्या जागी दोन बाणे एकमेकांना कडी घालतात, त्याला विणकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही इंटरलॉकिंगच म्हणतात. एकाच साडीत दोन्ही शब्द! आपल्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉकही इंटरलॉकिंगच. पण ते उचकटून पुन्हा बसवता येतात. विणलेल्यातला एक धागा ओढला की कापड चुणतं.

बी-३०४ काकू: अगदी बरोबर. आई काठाला हात लावू द्यायची नाही, ते यासाठीच.

डी-४०१: काका, भौतिकशास्त्रात दोन कण एकमेकांशी जोडले जातात त्याला क्वांटम एन्टँगलमेंट म्हणतात, तो मग गुंता कसा? २०२२चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यावरच्या प्रयोगांना मिळालं. तिथे तर दोन कणांचं नातं नेमकं असतं.

ए-१०१ सर: एन्टँगलमेंट हा शब्द भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने १९३५मध्ये वापरला. जर्मनमध्ये त्याने ‘फेरश्रेंकुंग’ लिहिलं. हाताची घडी घालतो तेव्हा जर्मन माणूस याच शब्दाचं रूप वापरतो. मला विचाराल तर तो शब्द जास्त जवळचा, कारण घडीत हात अडकलेले असतात, पण गुंता नसतो.
आणि आपण राहतो ते ‘कॉम्प्लेक्स’ही याच मुलखातलं बरं का. त्यातलं प्लेक्स लॅटिनमधल्या वेणी घालण्याच्या क्रियापदातून आलंय.

बी-५०२: लेकीने वाक्य केलंय सर. नाशिकचा इतिहास गोदावरीशी गुंफलेला आहे. तिने इंटरट्वाइन्ड टू लिहिलंय.

ए-१०१ सर: शब्द अचूक निवडलाय, तिला शाबासकी द्या. फक्त टू काढा, विथ घाला. आणि टँगल्डपुढे ‘इन’ येतं, मांजा झाडात अडकतो तसं. एवढं बघून झोपू द्या तिला.