मदत हवी आहे: स्टार्टर मोटरचा वरचा बोल्ट निघत नाही

घरीच गाडीची स्टार्टर मोटर (इंजिन सुरू करणारी मोटर) काढतोय. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधीच सोडवली, खालचा बोल्टही निघाला. वरचा मात्र इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागाच्या) मागे आहे. दिसत नाही, नुसता बोटांनी चाचपता येतो. 14 चा रिंग पाना बसतो, पण फिरवायला जागाच नाही. युनिव्हर्सल जॉइंट (सॉकेट कोनात फिरवू देणारा सांधा) लावला की सॉकेट तिरका होऊन घसरतो, आणि बोल्टचे कोपरे झिजले तर मग सगळंच अवघड होईल. गंज सोडवणारं तेल मारून ठेवलंय.

72 दात्यांच्या रॅचेट पान्याला (बोल्टवरून न काढता पुढेमागे हलवून फिरवायचा पाना) दर वेळी 5 अंशांची हालचाल पुरते, तो घ्यावा का? की गाडी स्टँडवर चढवून खालून लांब एक्स्टेंशन आणि षटकोनी सॉकेट घालावा? मॅनिफोल्ड न उतरवता कुणी काढला असेल तर कृपया सविस्तर सांगा.