मेन पॅनल आणि इमर्जन्सी पॅनल एकाच खोलीत नकोच

बसबार:
एका मोठ्या इमारतीचं ड्रॉइंग तपासतोय. २५०० अँपिअरचं मेन एलटी पॅनल (बाहेरून येणारी वीज इमारतीत वाटणारं), एटीएस (वीज गेली की आपोआप जनरेटरवर नेणारा स्विच) आणि इमर्जन्सी पॅनल (जनरेटरची वीज जिन्यातले दिवे वगैरे जरुरीच्या गोष्टींना देणारं), तिन्ही एका रांगेत काढलीत. विचारलं तर उत्तर आलं, "मध्ये पत्रा आहे ना!" मला हे अजिबात मान्य नाही. मेन पॅनलमध्ये आर्क (हवेतून उडणारी प्रचंड ठिणगी) झाला की तांब्याची वाफ होते, दार उडतं आणि काजळी खोलीभर पसरते. अशाच एका आगीनंतर मी शेजारचं, आग न लागलेलं पॅनल उघडलं होतं. इन्सुलेटरवर बोट फिरवलं तर काळंकुट्ट. मेगरचा, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचा, काटा शून्यावर. बाहेर डीजी (डिझेल जनरेटर) धडधडत होता, पण त्याची वीज या पॅनलमधून पुढे जाईना आणि जिन्यात मिट्ट काळोख. मधे भिंत हवीच.

आराखडा:
भिंत म्हणजे नुसती भिंत नसते. दोन तास आगीत टिकणारं बांधकाम, वेगळं दार, वेगळी हवा, केबल जाते तिथे प्रत्येक भोक बुजवणं. लहान इमारतीला हे झेपत नाही. एनएफपीए ११० (इमर्जन्सी वीजपुरवठ्याचं अमेरिकन मानक) सुद्धा सरसकट वेगळी खोली मागत नाही. मेन पुरवठा जमिनीच्या तुलनेत १५० व्होल्टच्या वर आणि १००० अँपिअर किंवा जास्त असेल, तर जिवाशी संबंधित इमर्जन्सी सामान त्या खोलीत नको, असं ते म्हणतं. शिवाय डीजी चालू होत नाही तो बहुतेक वेळा बॅटरी मेलेली असते म्हणून. पैसा आधी तिथे घाला.

बसबार:
बॅटरीचं शंभर टक्के खरं. पण बॅटरी उद्या बदलता येते, इमारत उभी राहिल्यावर पॅनल रूम कुठून आणणार? आणि माझी इमारत तुमच्या त्या मर्यादेच्या अडीचपट आहे.

रात्रपाळी:
देखभाल मी बघतो, म्हणून विचारतो. एटीएसमध्ये दोन्ही पुरवठे एकत्र येणारच. मग भिंत कशाला? दोन खोल्यांत धावपळ आमचीच होते.

बसबार:
एटीएस इमर्जन्सीच्या खोलीत ठेवा. नॉर्मलची, म्हणजे मेन पुरवठ्याची, फक्त एक केबल भिंतीतून आत येईल, भोक नीट बुजवून. आणि डीजीला स्टार्ट देणारी बारीक कंट्रोल केबल बघा. ती मेन पॅनलच्या केबल-ट्रेमधून नेली आणि जळाली, तर कित्येक जुन्या जोडण्यांत डीजीला वीज गेल्याचा निरोपच पोचत नाही.

रात्रपाळी:
ही केबल आमच्याकडे कुठून गेलीय, आजवर पाहिलंच नाही. उद्याच ट्रे उघडतो.

आराखडा:
मग पाण्याचंही बोला. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११ च्या त्सुनामीमध्ये २ आणि ४ क्रमांकाच्या युनिटचे हवेने थंड होणारे डीजी पाण्यातून वाचले, पण त्यांची पॅनलं तळघरात बुडाली. दोन्ही खोल्या तळघरात असतील तर तुमची भिंत काय कामाची?

बसबार:
मान्य. इमर्जन्सीची खोली वरच्या मजल्यावर मागतो. पण तेवढ्यासाठी भिंत सोडणार नाही. आग आणि पाणी, दोन वेगळे धोके आहेत.

आराखडा:
२५०० अँपिअरला माझा विरोध मागे घेतो. ३०० अँपिअरच्या इमारतीत मात्र मी अजूनही वेगळी कपाटं, मध्ये मोकळी जागा आणि दर आठवड्याला डीजीची चाचणी एवढंच मागेन.