चाळीस मीटरवरची घरघर : सोसायची कुणी?

(बडोद्यातल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, लोकांची चर्चा. नावाऐवजी प्रत्येकाचा भाग लिहिला आहे.)

रावपुरा :
मांजलपूर, तुम्ही काल लिहिलंत की एसएमपीएसच्या (चार्जर, एलईडी दिव्यांत असतो तो स्विचिंग पॉवर सप्लाय) नावाने बोटं मोडणं ही जुन्या हॅम लोकांची सवय आहे, शहरात राहायचं तर रेडिओवरचा नॉइज, ही घरघर, सोसायची, नाहीतर एफटी८ वर, म्हणजे कॉम्प्युटरने छोटे ठरावीक संदेश पाठवायच्या पद्धतीवर, यायचं. हे वाचून मला रात्री झोप लागली नाही.

माझ्या गच्चीवर २० मीटर तार आहे, इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीच्या आकाराची अँटेना. दहा वर्षांपूर्वी ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चाळीस मीटर बँडवर, एस मीटरचा (सिग्नल किती जोरात ते दाखवणारा) काटा नुसत्या नॉइजला एस३ वर असायचा. अलीकडे संध्याकाळी सात वाजले की एस८ व्हायचा. एका युनिटला ६ डेसिबल धरा, म्हणजे ३० डेसिबल गेले. १०० वॅटवाल्याचा सिग्नल नॉइजपुढे १०० मिलिवॅटचा होतो. वॉटरफॉलवर (स्क्रीनवर दिसणारं बँडचं चित्र) दर ६५ किलोहर्ट्झला एक जाड पट्टा, तोही एका जागी राहत नाही, सप्लायचा डबा तापला की सरकत जातो. स्विचिंगची एकशेआठवी, एकशेदहावी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीची तितकी पट) नेमकी आपल्या बँडवर येऊन पडते.

मागच्या महिन्यात बंद पडलेला एक एलईडी ड्रायव्हर (दिव्याचा एसएमपीएस) उघडला. बोर्डावर चोकची (नॉइज अडवणारी कॉइल) जागा छापलेली, शेजारी 'एल१' लिहिलेलं, आणि चोकच्या जागी दोन जंपर तारा. त्याच कामाच्या एक्स कपॅसिटरची जागा नुसतीच रिकामी. कुणीतरी चार रुपये वाचवले आणि सगळ्या गल्लीचा बँड गेला. हे सोसायचं?

मांजलपूर :
माझं अर्धंच वाचलंत. जुन्या, जड ट्रान्सफॉर्मरच्या लिनिअर सप्लायमध्ये जवळजवळ निम्मी वीज हीट सिंक तापवण्यात जाते. माझा जुना २० अँपिअरचा टेबलावरून खाली ठेवायला दोन माणसं लागायची, आता दीड किलोचा डबा आहे. जग मागे जाणार नाही. माझ्याकडे एस९ नॉइज आहे, तरी गेल्या महिन्यात एफटी८ वर जपान आणि ब्राझील मिळालं.

दांडियाबाजार :
त्याला मिळालं म्हणायचं? कॉलसाइन (स्टेशनचं नाव), रिपोर्ट, ७३ (शुभेच्छा), संपलं. कॉम्प्युटर कॉम्प्युटरशी बोलला. २६ जानेवारी २००१ ला भूज कोसळलं, टेलिफोन मुके झाले, तेव्हा हॅम लोकांनी निरोप पोचवले ते तोंडाने बोलून. कोणत्या गावात तंबू हवेत, कुणाचा भाऊ जिवंत आहे. असला निरोप एफटी८ वर पाठवून दाखवा.

अकोटा :
काका, मी वीयू३ आहे, म्हणजे नवशिक्यांच्या परवान्यावरचा. सोसायटी गच्चीवर तार बांधू देत नाही, बाल्कनीच्या ग्रिलला लावलेल्या अँटेनावर काम चालतं. १५ सेकंदांचे डाव आणि उणे २० डेसिबलपर्यंत डीकोड, एवढ्यावरच मी टिकून आहे. नाहीतर पहिल्याच वर्षी रेडिओ विकला असता. दर वेळी भूजचं नाव काढून आम्हाला गप्प करू नका.

दांडियाबाजार :
गप्प कोण करतंय? माझी तार उत्तरायणात मांजाने दोनदा कापली. दोन्ही वेळा वासी उत्तरायण (दुसरा दिवस) संपायच्या आत पुन्हा बांधली. तार बांधायला कष्ट पडतात, माऊस दाबायला पडत नाहीत.

अकोटा :
तुमची स्वतःची गच्ची आहे, काका. माझी नाही. कष्टांचं मला सांगू नका, सेक्रेटरींकडे सहा महिने खेटे घातलेत.

मांजलपूर :
शिवाय एफटी८ २०१७ मध्ये आलं ते असल्याच कमकुवत सिग्नलसाठी. काळाबरोबर चालायला काय हरकत आहे?

रावपुरा :
एफटी८ चा विषयच नव्हता! नॉइज ३० डेसिबल वर गेला तर एफटी८ चेही ३० डेसिबल जातात. तुम्हाला ब्राझील मिळालं, पण किती स्टेशनं त्या घरघरीखाली राहिली ते कळणारच नाही.

कारेलीबाग :
जरा माझंही ऐका. वर्षभर वरच्या मजल्यावरच्या सोलर इन्व्हर्टरला दोष देत होतो. पण घरघर रात्रीही असायची, आणि सोलर तर सूर्य मावळला की बंद. मग रेडिओ ७ एएचच्या बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन पाडला. एस७ चा एस२! एकेक एमसीबी चढवत गेलो, बैठकीच्या खोलीचा चढवला आणि घरघर परत आली. सेट टॉप बॉक्सचा अडॉप्टर. तो बदलला. मग रिगचा (रेडिओ सेटचा) स्वतःचा एसएमपीएस लावला, तर त्याचाही थोडा नॉइज होता. ३१ मिक्सच्या (एका जातीच्या फेराइटच्या) रिंगवर डीसी केबलचे दहा वेढे घेतले तेव्हा गेला. केबलवर फेराइटची एक क्लिप अडकवून ७ मेगाहर्ट्झवर फारसं काही होत नाही, वेढे लागतात.

मांजलपूर :
मी हेच म्हणत होतो. आधी आपलं घर बघा.

रावपुरा :
नाही, तुम्ही 'सोसा' म्हणत होतात. मीही मेन पाडून बघितलाय. एस८ चा एस७ झाला, बाकी सगळं बाहेरचं. पॉकेट ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून जिन्यात फिरलो, शेजारच्या वहिनींच्या ओट्यावरच्या एलईडी पट्टीजवळ तो नुसता किंचाळला. नवा ड्रायव्हर मी माझ्या पैशाने बसवून दिला. एस५. वहिनी म्हणाल्या, "अहो, आमची आकाशवाणीसुद्धा साफ झाली, मी म्हणत होते रेडिओच बिघडला." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत असणार? चूक विकणाऱ्याची. दिव्यांसाठी सीआयएसपीआर १५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ मेन्सच्या तारेवर किती घाण सोडायची याची मर्यादा त्यात ठरलेली आहे. चोकच्या जागी जंपर असलेला डबा त्यातून कसा पार पडेल, सांगा.

मांजलपूर :
जंपरवाल्या डब्यांचं मान्य. एसएमपीएसच वाईट, हे अजूनही मान्य नाही, चांगला फिल्टर असला की तो शांत असतो. रविवारी सकाळी मेन पाडून बघतो, आकडे टाकतो.

रावपुरा :
चांगला असला की शांत असतो, हे मीही मान्य करतो. आकड्यांची वाट बघतोय. बॅटरी आदल्या रात्रीच चार्ज करा आणि चार्जर काढून ठेवा.

अकोटा :
ही ३१ मिक्सची रिंग बडोद्यात कुठे मिळते?

दांडियाबाजार :
माझ्याकडे दोन जास्तीच्या आहेत. संध्याकाळी ये, घेऊन जा. एफटी८ बद्दल माझं मत तेच आहे.